वापरायला की वाटायला?

रमजानचा शेवटचा पंधरवडा लागला की कापडबाजारात एक प्रश्न हमखास कानावर येतो. गिऱ्हाईक साडी किंवा ड्रेसचे कापड दाखवा म्हणाले, की दुकानदार आधी विचारतो, "वापरायला पाहिजे की वाटायला?" वाटायला पाहिजे असे म्हटले की वरच्या फळीवरचा गठ्ठा खाली येतो. एकाच पोताच्या, दोन धुण्यांत विटणाऱ्या साड्या, दर डझनावर. आपल्या हिंदू बांधवांना यात नवल वाटायचे कारण नाही. लग्नसराईत 'देण्याघेण्याच्या साड्या' नावाचा वेगळा ढीग त्याच दुकानात असतो. बांगलादेशात तर रमजानमध्ये 'जकातीच्या साड्या मिळतील' असे फलकच दुकानांवर लागतात. गरिबाला द्यायचा माल हलका असायचाच, हे विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने दोघांनीही धरून चाललेले आहे. ज्याला मिळणार आहे त्याला कोणी विचारलेले नसते.

कुरआनने या सवयीवर नेमके बोट ठेवले आहे. सूरह बकराच्या २६७व्या आयतीत बजावले आहे की, दानासाठी वेचून वेचून हलकी वस्तू काढू नका. तीच वस्तू तुम्हाला कोणी दिली असती तर तुम्ही ती डोळे मिटल्याशिवाय घेतली नसती. या आयतीमागचा प्रसंगही हदीसच्या ग्रंथांत सांगितलेला आहे. मदिनेत खजुराच्या हंगामात लोक मशिदीत घड आणून टांगत, म्हणजे ज्याला भूक असेल त्याने काढून खावे. त्यात काही जण किडके, सुकलेले घड टांगू लागले. घड मोजले तर दान झालेच होते. आयत उतरली ती या मोजदादीच्या पलीकडचे सांगण्यासाठी.

रमजान म्हणजे रोजे, तरावीहची नमाज आणि इफ्तारची गर्दी, एवढे शहरातल्या सगळ्यांनाच ठाऊक असते. पण या महिन्याचा दुसरा अर्धा भाग हिशेबाचा असतो. घराघरांत वही-कॅल्क्युलेटर निघते. सोने किती, बँकेत किती, दुकानात माल किती, देणे किती. ज्याच्याकडे देणी वजा जाता साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून काढायचा. चार लाख शिल्लक असेल तर दहा हजार. मराठी माणसाला 'जकात' म्हटले की आधी 'जकात नाका' आठवतो; ट्रकांच्या रांगा आणि पावत्या. शब्द एकच आहे, अरबीतून फारसीमार्गे आलेला. तो नाका जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये मुंबईतूनही उठला. ही जकात मात्र भरायची असते ती कोणताही शिपाई गाडी न अडवता.

आणि म्हणूनच ती उपकार नाही. संपन्न माणसाच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे, अशीच कुरआनची भाषा आहे. दुसऱ्याचा हक्क आपल्या तिजोरीत पडून होता, तो आपण पोहोचवला, एवढेच. पोस्टमनने मनीऑर्डर देताना गळ्यात हार घालून घ्यावा काय? पण आमच्याकडे नेमके तेच होते.

गेली काही वर्षे रमजान आला की चौकाचौकांत फलक लागतात. अमुक भाईंतर्फे गोरगरिबांना राशन किटचे वाटप. फलकावर भाईंचा फोटो मोठा, त्याहून मोठा त्यांच्या नेत्याचा, आणि कोपऱ्यात कुठेतरी चंद्रकोर. किटमध्ये आटा, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती, खजूर आणि शिरखुर्म्यासाठी शेवया. वाटपाला मंडप, माईक, सत्कार. एकेका बाईला नावाने पुकारले जाते, ती पदर ओढून पुढे येते, पाच जण मिळून एक पिशवी धरतात आणि तिच्या हातात देतात. फोटो निघेपर्यंत कोणी पिशवी सोडत नाही. तासाभरात तो फोटो मोहल्ल्याच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर असतो. त्यातल्या एखाद्या ग्रुपवर त्या बाईच्या मुलीची होणारी सासरची माणसे असतात, तिच्या मुलाचे वर्गमित्र असतात. हे पिशवी धरणाऱ्या पाचांपैकी कुणाच्या ध्यानात येत नाही, किंवा आले तरी थांबवत नाही. दिवाळीच्या फराळ वाटपात आणि दहीहंडीच्या फलकांवरही हेच चित्र दिसते असे कुणी म्हणेल. ते खरे आहे, पण मी आज माझ्या घरातले बोलतो आहे.

या दिखाव्याला इस्लामी परिभाषेत 'रिया' म्हणतात. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो, तो ऐकताना भल्याभल्यांची मान खाली जाते. निवाड्याच्या दिवशी सर्वांत आधी तिघांचा हिशेब होईल. एक रणांगणात पडलेला, एक विद्वान आणि एक दाता. दाता म्हणेल, तुझ्या आवडीची एकही वाट मी खर्चाविना सोडली नाही. त्याला सांगितले जाईल, तू दिलेस ते लोकांनी उदार म्हणावे यासाठी. तसे ते म्हणून झाले. म्हणजे मजुरी जिथे मागितली तिथे ती चुकती झाली, आता इथे काही शिल्लक नाही. विशेष म्हणजे यात कुणा चोराचा किंवा कंजुषाचा उल्लेख नाही. आधी पकडले जाणार आहेत ते चांगली कामे केलेलेच लोक.

कुरआनात अशा दानासाठी खडकाची उपमा आहे. गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर बसलेला असतो. बघणाऱ्याला वाटते जमीन आहे, इथे काही उगवेल. एक जोरदार सर येते आणि खडक उघडा पडतो. आपल्या माळरानावर वाढलेल्या कोणालाही ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. आणि ती फक्त दिखाऊ दात्यासाठी नाही. देऊन झाल्यावर बोलून दाखवणाऱ्यासाठी, घेणाऱ्याचे मन दुखावणाऱ्यासाठीही आहे. "मागच्या रमजानला मीच दिले होते ना तुला?" हे वाक्य त्यातलेच.

यावर एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद नेहमी केला जातो. नियत कशीही असो, फोटो निघो न निघो, किटमधल्या तेलाने पुरी तळली जातेच ना? उपाशी माणसाला तुमच्या नियतीशी काय देणेघेणे? यात तथ्य आहे, आणि पोटभर जेवलेल्या माणसाने हा युक्तिवाद सहज उडवून लावू नये. नियत हा देणारा आणि त्याचा अल्लाह यांच्यातला मामला आहे. दुसऱ्याच्या छातीत डोकावून 'हा रियाकार' असा शिक्का मारण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण नियत बिघडते तेव्हा वाटपाची पद्धतही बिघडते, आणि पद्धतीचा परिणाम घेणाऱ्याच्या अंगावर येतो. कधी तो फक्त चेहऱ्यावर येतो. कधी जिवावर.

१५ सप्टेंबर २००८ रोजी इंडोनेशियातल्या पासुरुआन गावी एका सधन कुटुंबाने घराच्या दारात जकात वाटली. चेंगराचेंगरीत २१ बायका गेल्या. जुलै २०१५ मध्ये बांगलादेशात मयमनसिंह इथे जर्दा कारखान्याच्या फाटकावर जकातीचे कपडे घ्यायला पहाटेपूर्वीपासून गर्दी झाली. वीसहून अधिक जण चेंगरून मेले, त्यात बहुतेक स्त्रिया. ३१ मार्च २०२३ ला कराचीत एका कारखान्यातल्या वाटपात डझनभर बायका-मुले. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १९ एप्रिलच्या रात्री, येमेनच्या साना शहरात एका शाळेत व्यापाऱ्यांकडून रोख रक्कम वाटली जात होती. मृतांचा आकडा ऐंशीच्या घरात गेला. माणशी मिळणार होते पाच हजार येमेनी रियाल, आपले सात-आठशे रुपये. ईद दोन दिवसांवर होती.

या चारही ठिकाणच्या दात्यांची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे : गरिबाने दात्याच्या दारात यायचे. जकातीचा मूळ नियम बरोबर उलटा आहे. ती पोहोचवायची असते. जकात कोणाला द्यावी याची आठ जणांची यादी सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आहे. गरीब, नडलेले, कर्जात बुडालेले, गुलामगिरीतून सोडवायचे लोक, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. त्यातच एक नाव जकात गोळा करून पोहोचवण्याच्या कामावर नेमलेल्या माणसांचे आहे. त्यांचा पगार जकातीतूनच द्यायचा. म्हणजे पोहोचवणारी व्यवस्था असायला हवी हे गृहीतच होते. आमच्याकडे बैतुलमाल, म्हणजे मोहल्ल्याचा सामायिक कोष, बऱ्याच गावांत आहेत, काही उत्तम चालतात. पण ज्याला स्वतःच्या हाताने वाटल्याचे समाधान हवे असते तो त्यांच्याकडे फारसा फिरकत नाही. रांग लागली नाही तर दिले असे वाटतच नाही, हे काही जणांचे दुखणे आहे.

रांगेत उभा राहू शकणारा निदान रांगेत तरी असतो. खरी अडचण त्यांची, जे तिथे येणारच नाहीत. उर्दूत त्यांना 'सफेदपोश' म्हणतात. मराठीत 'पांढरपेशा' शब्द त्याच्या नात्यातला, पण अर्थ निराळा. पांढरपेशा म्हणजे नोकरदार मध्यमवर्ग. सफेदपोश म्हणजे ज्याचा सदरा धुतलेला आणि इस्त्रीचा आहे, पण घरात डबे रिकामे आहेत. विनाअनुदानित शाळेतला मास्तर, तुटपुंज्या पगारावरचे मशिदीचे मुअज्जिन, नवरा अंथरुणाला खिळल्यावर घरी फॉल-पिको करणारी बाई. कुरआनात यांची ओळखही दिलेली आहे : त्यांचा संकोच पाहून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो, ते कुणाच्या मागे लागून मागत नाहीत. आता अशा माणसाला शोधायचे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबर ठेवावी लागते, आणि ते वर्षभराचे काम आहे. किट वाटणे एका दुपारचे.

शास्त्राने इथे एक फार सुंदर सवलत दिली आहे, ती पुष्कळ मुसलमानांनाही माहीत नसते. जकात देताना ती जकात आहे असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. ईदी म्हणून द्या, मुलांच्या पुस्तकांना म्हणून द्या. आईवडील, मुले-नातवंडे यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे मुळातच कर्तव्य. पण गरजू भाऊ, बहीण, मावशी, चुलता यांना देता येते आणि तिथे तर तिचे पुण्य दुप्पट मानले आहे, दानाचे आणि नाते राखल्याचे. कितीतरी घरांत बहीण नडलेली असते आणि भाऊ शहरभर किट वाटत असतो.

गुपचूप देण्याच्या युक्त्या मागच्या लोकांनी किती काढल्या होत्या! इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्या नोंदवल्या आहेत. कोणी आंधळ्याच्या हातावर ठेवी, कोणी गरिबाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर टाकून जाई, कोणी झोपलेल्याच्या कपड्याच्या टोकाला बांधून जाई. करबल्यातून वाचलेले इमाम हुसैन यांचे पुत्र जैनुल आबिदीन यांच्याविषयी सांगतात की, मदिनेतल्या काही घरी रात्री अंधारात रोटी पोहोचत असे, कोण आणते ते कुणाला कळत नसे. ते वारले, रोटी यायची थांबली, आणि गुस्ल देणाऱ्यांना त्यांच्या पाठीवर ओझ्याचे वळ दिसले.

तुर्कस्तानात उस्मानी काळातले 'सदक्याचे दगड' अजून काही ठिकाणी उभे आहेत. पुरुषभर उंचीचा खांब, माथ्यावर खळगा. देणारा त्यात नाणी टाकून जायचा, नडलेला लागेल तेवढे काढून घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला खळग्यात हात गेलेला दिसे. तो टाकायला गेला की काढायला, हे कळायचा मार्ग नव्हता. त्याच देशातली दुसरी रीत मला जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्याकडे उद्यापासून सुरू करता येईल. रमजानमध्ये एखादा माणूस अनोळखी मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात शिरायचा, उधारीची वही मागायचा, आणि पहिली, मधली, शेवटची अशी काही पाने निवडून ती रक्कम चुकती करून निघून जायचा. कोणाची उधारी फेडली हे त्याला ठाऊक नसे, आणि कोणी फेडली हे कर्जदाराला. तुर्कस्तानात ही रीत अलीकडे पुन्हा चालू झाली आहे. आपल्या प्रत्येक गल्लीत असे एक दुकान आणि अशी एक वही आहेच. दुकानदार बहुतेक मारवाडी किंवा लिंगायत असेल, आणि वहीतली नावे सगळ्या जातीधर्मांची.

इथे आपल्यातले काही जण विचारतात, की तुमची जकात आम्हाला चालते का? सरळ उत्तर असे : बहुसंख्य शास्त्रकारांच्या मते जकात ही मुस्लिम समाजातल्या गरजूंसाठी आहे, जशी कुठल्याही समाजाची आपली म्हणून एक आतली व्यवस्था असते. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, याला मात्र धर्माची अट नाही. हजरत अस्मा यांची आई इस्लाम न मानणारी होती, तिच्याशी नाते ठेवू का, असे त्यांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठेव असेच सांगितले. आणि प्रत्यक्षात माणसे या चौकटीच्या पुढेही गेलेली आहेत. २०२० च्या टाळेबंदीतल्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीसह ३६ लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीने त्याचे उद्घाटन केले. त्या खाटेवर कोण झोपणार, याची अट नव्हती.

ते दान जाहीर होते, बातम्याही आल्या. मग तो दिखावा म्हणायचा का? मला नाही तसे वाटत. कुरआनने उघड दान नाकारलेले नाही. उघड दिलेत तरी चांगले, झाकून गरिबाला दिलेत तर तुमच्यासाठी अधिक चांगले, असा त्याचा क्रम आहे. रुग्णालय, शाळा, विहीर ही कामे झाकून होत नाहीत आणि झाकूही नयेत. त्यांचा हिशेब चारचौघांत मांडायला हवा. फरक इतकाच, की इचलकरंजीच्या त्या बातमीत कुठल्याही रुग्णाचा चेहरा नव्हता. आखातातून पैसे पाठवणारे पुरावा मागतात, म्हणून फोटो काढावे लागतात, अशी अडचण काही मंडळे सांगतात. ती खोटी नाही. पण मालाच्या गोण्यांचा फोटो पाठवता येतो, दुकानदाराचे बिल पाठवता येते, यादी मशिदीच्या कमिटीकडे ठेवता येते. बाईचा चेहरा ही पावती नव्हे.

फित्र्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण त्याची मुदत जवळ आली आहे. ईदच्या नमाजीआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी काल जन्मलेल्या बाळामागेही, ठराविक धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला पोहोचवायची, म्हणजे ईदच्या दिवशी कोणाला हात पसरावा लागू नये. हनफी पद्धतीने हे माप सुमारे पावणेदोन किलो गहू, किंवा त्याच्या दुप्पट जव, खजूर अथवा मनुका. मशिदीतून आकडे जाहीर होतात. गव्हाचा आकडा शंभराच्या आतबाहेर असतो, खजुराचा आणि मनुकांचा कितीतरी पट मोठा. आणि गंमत पाहा, रिक्षावालाही गव्हाच्या दराने देतो आणि दोन मजली शोरूमचा मालकही गव्हाच्याच दराने. इफ्तारला ज्याच्या दस्तरखानावर अजवा खजूर असतो, त्याचा फित्रा मात्र गव्हाचा! नियमात बसते, कोणी बोट दाखवू शकत नाही. मदिनेच्या मशिदीत टांगलेले ते सुकलेले घडही मोजणीत बसतच होते.

शेवटी राहतो तो तारखांचा प्रश्न. जकात रमजानमध्येच काढली पाहिजे असा नियम नाही. ज्या दिवशी माणूस निसाबाला पोहोचला, तिथून त्याचे वर्ष सुरू होते. रमजानमध्ये पुण्य अनेक पटींनी मिळते म्हणून लोक हिशेब या महिन्यात धरतात, आणि मग सगळी मदत तीस दिवसांत कोसळते. एकाच घरी चार-चार किट येतात, आटा महिन्याभरात जाळी धरतो. आणि बारा महिन्यांतले अकरा महिने त्याच घराकडे कोणी बघत नाही. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. शाळा मात्र जूनमध्येच सुरू होते. डायलिसिसची तारीख आठवड्याला दोनदा येते, घरभाडे दर महिन्याला. हनफी शास्त्रात वर्ष भरण्याआधी जकात आगाऊ देण्याची मुभा आहे. तेव्हा हिशेब या रमजानमध्ये करून आकडा वहीत लिहून ठेवावा, आणि पुढच्या वर्षाची जकात म्हणून आतापासूनच दरमहा थोडी थोडी देत राहावी, असे करणारे लोक या शहरात आहेत. दोघे-तिघे मला माहीत आहेत. एकजण जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या कारकुनाकडे जातो, थकलेल्या फीची यादी बघतो, नावांवर हात ठेवून फक्त आकडे वाचतो आणि पैसे भरून पावती तिथेच ठेवून येतो.